माझी हाळी

आमच्या भागात गायकी म्हणजे गाणं नव्हे, गावाची गुरं राखणारा माणूस. आमचा गायकी म्हातारा आणि मितभाषी. मी मात्र अशी, की कुणाच्या आजारपणाला भेटायला गेले तरी दोन नकला करून येते.

खैरलांजीकडे आमची तीन एकर बरड जमीन. नुसता लाल मुरूम, पावसाचं पाणीही तिथं थांबायला राजी नव्हतं. उपाय गायकीनं सांगितला. गुरं एका पट्टीत दाटीनं उभी करायची, चरू द्यायची, तुडवू द्यायची, शेणमूत पडू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पुढची पट्टी. मागचीला कित्येक महिने तोंड लागू द्यायचं नाही. पट्टी बदलताना तो हाळी द्यायचा, लांब, शेवटी वर चढणारी. दोन वर्षांत गुरांना कळलं, ही हाळी म्हणजे ताजं गवत.

हाळी मीही शिकले. पाहुणे आले की पदर खोचून बांधावर उभी राहायचे, हाळी द्यायचे, आणि अख्ख्या गावाची गुरं धावत यायची. चहाच्या टपरीवर लोक माझी नक्कल करतात असं कळलं, तेव्हा तर मला फारच बरं वाटलं.

तिसऱ्या वर्षी गुडघाभर गवत उभं राहिलं. गायकीनं बजावलं, पाऊस पडेपर्यंत याला जनावर शिवता कामा नये. आता ओरबाडलं तर मुळासकट येईल, मग पुन्हा मुरूम.

पण आमच्याकडे लाखोळी, म्हणजे शेतातलं शेवटचं कडधान्य, उपटली की गायकीचं वर्षाचं काम संपतं. शेतं सगळ्यांची, गुरं मोकाट. चैत्रात आसपास काडी उरली नाही. एका सकाळी आमच्या काटेरी कुंपणाबाहेर एक म्हैस उभी दिसली. दुसऱ्या दिवशी नऊ-दहा जनावरं होती. मग मोजणं सोडलं. हंबरत नव्हती, धडका देत नव्हती. मी काही बोलले की तेवढे कान वळायचे.

गायकीला बोलावून दाखवलं. "काहून उभ्या हायेत जी ह्या?"

"तुमच्यासाठी, बाई. तुमी हाळी देसान म्हून."

"आन् नाई देली तं?"

"तं उभ्या राहतीन. कुंपण त्यायले अडवून नाई राह्यलं. तुमचं गप राहणं अडवून राह्यलं."

मग मी माझ्याच शेतात गप्प राहिले. मी! अकरा दिवस. घरच्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

बाराव्या दिवशी भर दुपारी मी आणि गायकी बांधावर बसलो होतो. नाल्यापलीकडच्या वाटेवरून सायकलींचा आवाज आला, मग हसणं. आणि मग माझी हाळी. लांब, शेवटी वर चढणारी, अगदी हुबेहूब.

सगळी शिंगं एकदम वर झाली.

थांबा म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं. गायकीनं घाईनं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, कारण अर्धे कान आधीच माझ्याकडे वळले होते.