लाकडाला कान लावणारे चौकीदार

आमच्या लाकूड डेपोचे म्हातारे चौकीदार माणसांपेक्षा लाकडांचं जास्त ऐकत, आणि लाकडंही त्यांच्याशी माझ्यापेक्षा खरं बोलत. गडचिरोलीच्या वाटेवरच्या त्या डेपोत मी कारकून होतो. रोज सकाळी टोपी काढून ते ओंडक्याला कान लावत आणि आतली अळी कुरतडताना ऐकू आली की हात वर करून सगळ्यांना गप्प करत. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलाकडच्यांच्या नव्या खाटेलाही त्यांनी कान लावला. "खाट पोटुशी हाये," म्हणाले, "पोरगा चांगला हाये." लग्न झालं. खाटेचा पाय वर्षभरात भुसा होऊन मोडला.

भुंग्यांवरचा त्यांचा रागसुद्धा मायेचाच. "माय सालीच्या भेगेत अंडे देते न् निघून जाते. लेकरू सालीखाली जेवते, मोठं झालं का लाकडात खोल जाऊन झोपते. पाणी पडलं का मिशा हालवत बाहेर. त्याले काय मालूम, लाकूड सरकारचं हाये म्हणून!"

एका दिवाळीनंतर ते माझ्या टेबलाशी आले. "बाबू, ऐनाच्या लाकडाच्या थप्पीची साल सोलून जाळा. लेकरं अजून सालीखालीच हायेत. होळीनंतर आत घुसले का कोनाच्या बापाले निघत नाई." वनखात्याचे साहेब तपासणीला येणार होते, म्हणून मी सगळे मजूर दगडांना चुना लावायला जुंपले होते. "बघू," म्हणालो. ते आणखी दोनदा आले. मी दोनदा 'बघू' म्हणालो.

साहेब आले ते थेट पावसाळ्यात. थप्पीला भोकंच भोकं, आणि एक भुंगा साहेबांच्या टोपीवर. "मला कुणी कळवलं का नाही?"

"चौकीदारानं मला काही सांगितलंच नाही," मी म्हणालो.

चौकीदार शेजारीच उभे होते. ओंडक्याकडे पाहत राहिले. त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं.

कित्येक वर्षांनी, या दिवाळीनंतर, मी त्यांच्या गावी गेलो. "आता बाबाले आयकू नाई येत," सून म्हणाली. तरी मी त्यांच्यासमोर बसून सगळं कबूल केलं. त्यांना किती कळलं, देव जाणे. त्यांनी माझा हात धरून अंगणात नेलं. तिथे आढ्यासाठी तोडलेला, सालीसकट बाभळीचा ओंडका पडला होता.

"तुमी आयका, बाबू. हाये का?"

कान लावला. आत बारीक कुरकुर चालली होती. घराचं आढं होतं ते. नाही म्हटलं असतं तर म्हातारा निश्चिंत झाला असता. मी मान हलवली. हाये.

त्यांनी कोपऱ्यातली कुऱ्हाड आणून माझ्या हातात दिली.

"मंग सोला. होळीले अजून टाइम हाये."