एल्व्हीराची लिफ्ट

एल्व्हीरा प्रोयेत्तीने आयुष्यभर पुरातत्त्व खात्याचे दगड राखले. रोमच्या आप्पिया या जुन्या रस्त्यावर एका पडक्या स्नानगृहाच्या दारात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, हात लावू नका, वर चढू नका, पोराला खाली उतरवा. ऊन असो की थंडी. घरी कुणी विचारलं की म्हणायची, काय करणार, काल पडलेले दगड आजही तसेच पडलेत ना, एवढं बघून आले. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला फुलांचा गुच्छ ती ट्राममध्ये विसरली आणि परत आणायलाही गेली नाही. पुरे झालं होतं तिला.

नवरा नाझ्झारेनो ट्राम चालवायचा. पोर्ता माज्जोरे या प्राचीन वेशीच्या कमानींखालून रोजचं जाणं-येणं, पण मान वर करून त्याने त्या कधी धड पाहिल्या नाहीत. तिथे रूळ वाकडे आहेत म्हणून कमानी बांधणाऱ्याला शिव्या मात्र घातल्या. निवृत्तीनंतर त्याचं सगळं जग कोपऱ्यावरच्या बारमध्ये होतं. क्विरिनो आणि रिगेत्तो हे दोघे जुने दोस्त, पांढरी वाइन, पत्ते आणि पत्त्यांवरून भांडणं. मग अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत घरातल्या घरात फिरता येई, पण चौथ्या मजल्यावरून खाली उतरणं संपलं.

सुरुवातीला दोस्त वर यायचे. एकदा क्विरिनोला मध्येच धाप लागली, तो जिन्यात बसून राहिला आणि तिथूनच त्याला घरी न्यावं लागलं. त्यानंतर दोघे खालून हाका मारायचे, हा खिडकीतून ओरडायचा. पण माणूस खिडकीतून किती दिवस पत्ते खेळणार?

म्हणून एल्व्हीराने लिफ्टचं मनावर घेतलं. इमारतीच्या बैठकांत काय काय ऐकून घेतलं बाईने! तळमजल्यावरचा बेकरीवाला एर्सिलियो म्हणे, मला कशाला लिफ्ट, मी काय पाव घेऊन गच्चीवर फिरायला जातो? दुसऱ्या मजल्यावाल्यांना अंगणातलं ऊन जाईल याची चिंता. एल्व्हीरा प्रत्येक वेळी एकच बोलायची, "दोस्त जिवंत आहेत तोवर नाझ्झारेनोला एकदा खाली उतरू द्या." यावर निगरगट्टांच्याही माना खाली जात. वर्षं गेली भांडणात, पण शेवटी सगळे हो म्हणाले आणि इलारियो नावाचा गवंडी अंगण खणायला आला.

रोममध्ये खणणं म्हणजे डोक्याला ताप. लिंबाचं झाड लावायला खड्डा करावा, तर खालून एखाद्या सम्राटाचं नाक निघतं. मग पुरातत्त्व खातं येतं आणि झाड राहतं बाजूला. म्हणून तिथल्या गवंड्यांची एक रीत आहे. काही लागलं की फावडं खाली ठेवायचं, सिगारेट पेटवायची आणि मालकाला एकच प्रश्न विचारायचा. अंगणात फावड्याला भिंत लागली तेव्हा इलारियोनेही तो विचारला.

"सिन्योरा, दिसलं, की नाही दिसलं?"

नाही म्हटलं की संध्याकाळपर्यंत वर सिमेंट पडतं आणि पुन्हा कुणी तोंड उघडत नाही. सगळ्या खिडक्यांतून माणसं एल्व्हीराकडे बघत होती, कारण दगडांतलं कळणारी तीच. एर्सिलियो बेकरीच्या दारातून हाताने खुणा करत होता, बुजव, बुजव.

एल्व्हीरा वाकली. जाळीसारखे तिरपे बसवलेले छोटे चौकोनी दगड. असल्या भिंती तिने ढिगाने पाहिल्या होत्या. जन्मभर लोकांना हात लावू नका म्हणून सांगितलं, आता स्वतःच्या हाताने कसं गाडायचं, हे एक मनात आलं. दुसरं आलं ते असं, की असल्या साध्या भिंतीसाठी कोण थांबतंय, खात्याचे लोक येतील, फोटो काढतील आणि पंधरवड्यात जातील. पहिल्याबद्दल तिला दोष देता येत नाही. दुसरा मात्र शुद्ध मूर्खपणा होता. खात्यात केस पांढरे केलेल्या बाईने खात्याकडून घाईची आशा धरावी, याला काय म्हणायचं!

"दिसलं," ती म्हणाली. इलारियोने हत्यारं गोळा केली.

खात्याकडून तेक्ला नावाची तरुण मुलगी आली. गोड बोलायची, गुडघ्यांना गाद्या बांधून खड्ड्यात उतरायची. तिने ब्रशने माती झाडली तर भिंतीखाली हौद निघाला, हौदाशेजारी आणखी हौद. दोन हजार वर्षांपूर्वीच्या धोब्यांचे. तेक्लाला आनंदाने काय करू नि काय नको झालं. एल्व्हीराने विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, लवकरच. खात्यातलं लवकरच म्हणजे काय, हे एल्व्हीराला कुणी सांगायला नको होतं. हौदांवर पत्रे आले, भोवती कुंपण आलं, आणि तेक्लाला दुसऱ्या खोदकामावर पाठवलं.

एर्सिलियो रोज सकाळी पाव देताना विचारायचा, "काय बाई, धोबी कपडे कधी देतायत?" बाकीच्यांनी बोलणं सोडलं. नाझ्झारेनो मात्र एका शब्दाने बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आपला खुर्ची ओढून अंगणातल्या पत्र्यांकडे बघत बसायचा.

हिवाळ्यात क्विरिनो गेला. प्रेतयात्रेची गाडी त्यांच्या गल्लीतून गेली तेव्हा नाझ्झारेनोने खिडकीत उभं राहून टोपी काढली, तेवढंच त्याच्या हातात होतं. मग रिगेत्तोला त्याच्या लेकीने शहराबाहेर, व्हितेर्बोला आपल्याकडे नेलं. एल्व्हीरा खात्याला फोन करत राहिली, बाजार वर आणत राहिली. प्रत्येक वळणावर पिशव्या टेकवायची, आणि कुणी जिन्यात आलंच तर बुटाची नाडी बांधत असल्यासारखं करायची.

वसंतात तेक्लाचा फोन आला. हौदांची चित्रं काढून झाली, आता वाळू टाकून बुजवणार, लिफ्टचा खड्डा थोडा बाजूला घ्या, परवानगी मिळाली. एल्व्हीरा तेव्हा जिन्यातच होती. आनंद व्हायला हवा होता, पण तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती. वर आली आणि तिने नवऱ्याला सांगितलं.

नाझ्झारेनो मेजाशी बसून बाकल्याच्या शेंगा सोलत होता. त्याने मान हलवली. "आता कुणासाठी? क्विरिनो मेला. रिगेत्तो तिकडे गेला. खाली जाऊन कुणाचं तोंड बघू? नको म्हणून सांग त्यांना."

एल्व्हीरा कोटासकट खुर्चीत बसली.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"माझे गुडघे गेलेत, नाझ्झारे. तू आजारी पडलास त्याच्याही आधीपासून. तुझं नाव पुढे केलं, कारण बाईच्या गुडघ्यांसाठी कोण अंगण खणतंय? रोज वर येताना जिन्यात रडते मी. मग तोंड पुसते आणि येते."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्याने फोन ओढून घेतला आणि स्वतः इलारियोला लावला. बायकोसाठी लिफ्ट हवी, म्हणाला, तिला जिना चढवत नाही, सोमवारी ये. फोन ठेवून तो पुन्हा तिच्याकडे वळला.

"कुठे रडतेस? कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"तिसरा म्हणजे आपल्या खालीच," नाझ्झारेनो म्हणाला. "मला ऐकू यायला हवं होतं."