जनरलसाहेबांच्या मिशा

इथे परदेशात, टार्निट गावच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला नाटक असतं, आणि नाटकात गोरा साहेब लागतोच. या वर्षी तर अख्खं नाटकच त्याच्यावर होतं: कंपनी सरकारच्या एका जनरलची कारकीर्द. बोटीतून उतरलेला पोरसवदा लेफ्टनंट, मग कर्नल, शेवटी पुण्यावर चालून येणारा जनरल. पुरुष मंडळींना शिफ्टमुळे तालमी जमेनात, म्हणून साहेब व्हायचं माझ्या वाट्याला आलं. बढती झाली की मिशी मोठी, एवढाच मेकअप. मला भलतीच मजा येत होती.

दिग्दर्शिका मात्र वैतागली. "अगं, तुझा साहेब सदाशिव पेठेतला वाटतो. लोक त्याला मंगलाष्टकं म्हणायला बोलावतील."

घरी आरशासमोर मी 'टुमी, आमी' घोकत बसले. सोफ्यावर नऊ वर्षांची लेक ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं. पण गेल्या सुट्टीत पुण्यात मावसभावंडं तिच्या उच्चारांना खदाखदा हसली आणि तिने मराठी बोलणंच टाकलं. फोनवर आजीलाही नुसतं "येस आजी, नो आजी." माझ्या आईला ते फार लागायचं, आणि मला तिच्याहून जास्त.

"आई, दॅट्स सो फेक," लेक म्हणाली. "साहेब थिंक करून बोलणार ना." आणि सोफ्यावर उभी राहून, एकेक शब्द शोधत तिने माझं वाक्य म्हटलं, "तुमी किल्ला... देता, का... आमी घेऊ?"

मी हसले नाही. नाटकाचे कागद तिच्या हातात दिले आणि म्हटलं, "तूच शिकव मला." मग रोज तालीम. चुकले की बाईसाहेब रागवायच्या, तेही मराठीतून.

प्रयोगाला ती विंगेत प्रॉम्प्टर. तिसऱ्या अंकात माझी भलीथोरली मिशी अर्धी सुटून लोंबायला लागली आणि मी वाक्यच विसरले. तेवढ्यात विंगेतून खणखणीत आवाज आला, "साहेब, आदी मिशी सांभाळा, मग पुणं घ्या."

हॉल हसून कोसळला. मला वाटलं, पुन्हा लोक हसले हिच्या मराठीला. घाबरत विंगेत पाहिलं, तर सगळ्यांत जोरात तीच हसत होती.

परतताना गाडीत तिने स्वतःहून फोन लावला. "आजी, मी बोलते. आज काय झालं, ऐक ना."

मागच्या सीटवर मराठी चालू होतं, अडखळत, न थांबता. आमचं घर आलं. मी गाडी तशीच पुढे नेली.