काळ्या काठाचं पाकीट

नलिनीवहिनींच्या रंगपेटीत काळ्या वडीची जागा रिकामी आहे. ती का, हे अंधेरीतल्या आंबोलीत अजून सांगतात.

वहिनी मालवणाकडच्या. लग्न होऊन अंधेरीला आल्या आणि मुलांच्या जलरंगांवर त्यांचाच हात बसला. भेंडी आडवी कापली की ठशाला तारा मिळतो, बटाट्यात हवी ती नक्षी कोरता येते, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. संक्रांतीची भेटकार्डं त्या घरीच करत.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात शेजारच्या गावठाणातली फिलोमीनामावशी त्यांच्याकडे आली. तिचा मुलगा पास्कल भुसावळला रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होता. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा मावशीनं बजावलं होतं, "तिला माझ्या दाराशी आणायची नाही." तेव्हापासून तोही आला नव्हता.

"नलू, नाताळचं एक कार्ड कर गं. आत लिही, दोघं या. विकतचं नको. म्हणेल, म्हातारीनं माया बाजारातनं आणली."

वहिनींनी आधी कागदभर पातळ निळा रंग दिला. तो वाळल्यावर त्यावर भेंडीचे पिवळे तारे उमटवले, खाली बटाट्याच्या ठशानं घंटा काढली. चित्र इतकं साधलं की दृष्ट लागेल असं वाटलं. बाळाला तीट लावावी तसा त्यांनी कार्डाला आणि पाकिटालाही चारी बाजूंनी काळा काठ काढला. आत सगळ्यात वर 'श्री' लिहिला. मावशीला नीट दिसत नसे; तिनं पाकीट हातानं कुरवाळलं आणि टपालात टाकायला दिलं.

नाताळच्या आधी दोन दिवस वहिनी मावशीकडे नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, भरत बसल्या होत्या. दारात पास्कल उभा राहिला. दंडावर काळी फीत, दाढी वाढलेली. आईला बघून त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली.

"काय रे, कोण गेलं?" मावशी घाबरली.

"तू."

त्यानं खिशातून पाकीट काढलं. फोडलेलं नव्हतं. "आपल्यात काळ्या काठाचं पाकीट मयताचंच येतं ना, माय. वर तुझा पत्ता. फोडायची हिंमत झाली नाही."

वहिनींच्या हातातली नेवरी तिथंच चुरगळली. "अहो, पण मी आत श्री लिहिलाय. वाईट बातमीच्या पत्रावर श्री कोण लिहितं?"

मावशी मुलाकडेच बघत होती. "जिवंत होते तोवर तुला गाडी मिळाली नाही होय रे?"

"दार तू बंद केलं होतंस. म्हटलं, आता अडवायला कोण आहे?"

मावशीनं त्याच्या हातातलं पाकीट चाचपलं. म्हणाली, "फोड ते."

पास्कलनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तीही आलीय. गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. आत यायला भ्याली."

मावशी भिंत धरत उठली आणि तशीच पिठाच्या हातांनी बाहेर पडली. वहिनी मागोमाग गेल्या. कोपऱ्यावर काळ्या कपड्यातली एक पोर फुलांचं चक्र उराशी धरून उभी होती. सासूला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई," तिनं मावशीलाच दबक्या आवाजात विचारलं, "मयत किती वाजता निघणार?"

"निघणार नाही," मावशीनं तिचं मनगट धरलं. "चल घरात."