सात नंबरची झडती

"तो रामलखन उद्यापासून गेटवर नको," मॅनेजरसाहेब सिक्युरिटी एजन्सीला फोनवर सांगत होते. मी तारापूरच्या एका औषध कंपनीत क्यूसी बघायची, म्हणजे माल पास की नापास ते ठरवायची. साहेबांची सही घ्यायला गेले आणि नसत्या भानगडीत पडले.

भानगड अशी. सुटीच्या वेळी रोज एका डिपार्टमेंटची झडती व्हायची. डबे, पिशव्या, सगळं उघडायचं. पक्षपात नको म्हणून साहेबांनीच युक्ती काढली होती. गेटवर दोन फासे टाकायचे आणि बेरीज येईल त्या नंबरचं डिपार्टमेंट अडवायचं. डिपार्टमेंट बारा. फासे टाकायचं काम वॉचमन रामलखनचं.

आणि सारखा यायचा तो सात. सात म्हणजे पॅकिंग, सगळ्या बायका. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी, कधी दोनदा. झडती संपेपर्यंत चिंचणीची एसटी निघून जायची. बाकीचे टकामका बघत बाहेर पडायचे ते वेगळंच. शेवटी पॅकिंगच्या सुनंदाताईंनी पिशवी टेबलावर उपडी केली.

"आमी काय चोर हाय? जेवा बघावं तेवा आमचीच पिशवी! हा मुद्दाम करतो. हा गेटवर असेल तर आमी कामावर येणार नाय."

रामलखन केबिनबाहेरच उभा होता. "मैडम, हम तो बस फेंकते हैं. पासा हमारी सुनता थोड़े ही है." कुंभवलीत खोली घेऊन त्याने नुकतंच बायकोमुलांना गावाहून आणलं होतं. मला त्याची दया आली आणि साहेबांचा राग आला.

"साहेब, याला काढून दुसरा आणलात तरी सातच जास्त येणार."

"का? कुठलाही आकडा येऊ शकतो. सगळ्यांना सेम चान्स."

"येऊ शकतो हे खरं. पण सगळे सारखे येत नाहीत."

मी त्यांच्याच पॅडवर लिहून दाखवलं. एक फासा लाल धरा, एक पांढरा. सहा सक छत्तीस जोड्या, आणि प्रत्येक जोडीला सारखी संधी. बेरीज दोन यायची तर दोन्हींवर एक-एक पडायला हवा. ती एकच जोडी. सात मात्र एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि त्यांच्या उलट, अशा सहा जोड्यांनी येतो. म्हणजे दोन नंबरचं स्टोअर एकदा अडलं, तर पॅकिंग सरासरी सहा वेळा अडणार.

साहेबांनी पॅड जवळ ओढून जोड्या मोजल्या. मी तिथेच थांबायला हवं होतं.

"आणि एक नंबर डिपार्टमेंट कुठलं, साहेब?"

"आपलं ऑफिस."

"दोन फाशांची बेरीज एक कशी येणार?"

साहेबांनी एजन्सीला परत फोन लावला, रामलखनला राहू द्या म्हणून.

उपाय सोपा होता. एक फासा, एक नाणं. छापा पडला तर फाशावरचा आकडा धरायचा, काटा पडला तर त्यात सहा मिळवायचे. एक ते बारा, सगळ्यांना बारात एक संधी. सुनंदाताईंना मी हे गेटवर समजावलं. "बघू," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बघायला ही गर्दी. रामलखनने नाणं उडवलं. काटा. फासा टाकला. एक.

सात! रामलखनचा चेहरा उतरला. बारात एक म्हणजे ते आजही येऊ शकतं, हे त्या गर्दीला कोण सांगणार?

सुनंदाताई पुढे आल्या. "तोंड कशाला पाडतो? आज खरंच आमचा नंबर हाय," म्हणाल्या आणि डब्याचं झाकण स्वतःच उघडलं.

रामलखन गेटवर राहिला. साहेबांचा एक नंबर त्या महिन्यात काही आला नाही. पण येऊ शकतो हे कळल्यापासून त्यांची रोजची फुगलेली बॅग एकदम सपाट झाली. शक्यतेचं गणित माणसाला पटतं, फक्त त्यात त्याचाही नंबर असावा लागतो. बॅगेत आधी काय असायचं ते मी विचारलं नाही. क्यूसीचं काम माल तपासायचं, साहेब तपासायचं नाही.