स्थळाचे चार फेरफार

मी तेव्हा महाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. परीक्षेचं वेळापत्रक वेबसाइटवर लागायचं आणि कोणाला न सांगता बदलायचं. एकदा आमची मुलं एक दिवस उशिरा परीक्षेला पोचली, तेव्हा मी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. सांगितलेलं पान तो रोज उघडायचा, तारखेसकट प्रत ठेवायचा आणि कालच्यापेक्षा काही वेगळं दिसलं तर तेवढ्या ओळी पिवळ्या करून दाखवायचा.

वडील तलाठी म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी पोलादपूर तालुक्यात. एकदा माझा विसरलेला डबा घेऊन क्लासमध्ये आले आणि पिवळ्या ओळींपाशी थांबले. मी समजावून सांगितलं.

"म्हणजे फेरफार," ते म्हणाले. "जुनी नोंद खोडायची नाही, कंस करायचा. बरोबर आहे."

कॉम्प्युटरबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

त्याच सुमारास आमच्या समाजाच्या वधूवर मंडळानं वेबसाइट काढली. वडिलांनी त्यावर माझी माहिती दिली आणि माझ्यासाठी त्यातलं एक स्थळ निवडलं. मूळ गाव तुडील, नोकरी मुंबईत. उंची पाच फूट आठ इंच, चष्मा नाही, आहार शाकाहारी, छंद गिर्यारोहण.

"हे पान तुझ्या त्या प्रोग्रॅमला लाव," ते म्हणाले.

"कशाला?"

"जमीन घेताना फेरफार बघतोच की."

मी लावलं. तिसऱ्या आठवड्यात उंची पाच फूट सहा इंच झाली. नंतर चष्मा आला. मग आहारात मासे आले. शेवटी गिर्यारोहण गेलं आणि त्या जागी 'वर्तमानपत्र वाचणे' आलं. वडील प्रत्येक वेळी प्रिंट काढायला लावायचे, बदललेल्या ओळीखाली लाल रेघ मारायचे आणि फाइलला लावायचे. नकार मात्र कळवत नव्हते. मीही आठवण करून देत नव्हते.

एका रविवारी मुलगा आणि त्याचे वडील आमच्याकडे आले. चहा झाला. वडिलांनी फाइल उघडली आणि पाच कागद टीपॉयवर ओळीनं मांडले.

"यातला कोणता आलाय?" त्यांनी विचारलं.

मला उठून आत जावंसं वाटलं. मुलानं चष्मा वर सरकवून सगळे कागद वाचले. घाई केली नाही.

"शेवटचा," तो म्हणाला. "पहिला माझ्या ताईनं लिहिला होता. बाकीचे मी मंडळाला सांगून दुरुस्त केले."

"मग एकदम का नाही केले?"

"ताई अधूनमधून बघते. एकेक बदललं की तिच्या लक्षात येत नाही."

त्याचे वडील म्हणाले, "पोरगा खोटं बोलनारा नाय. पोरगी हाय जरा तशी."

वडिलांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत खऱ्याकडे जाणारे फेरफार त्यांनी फारसे पाहिले नसावेत.

मुलानं पहिला कागद उचलला, कोपऱ्यातली तारीख पाहिली, मग शेवटच्या कागदावरची. "म्हणजे अकरा आठवडे तुम्ही माझं पान बघत होता," तो मला म्हणाला.

"प्रोग्रॅम बघत होता," मी म्हटलं. माझे कान तापले होते.

"मी तुमचं पान हातानंच उघडून बघत होतो. त्यात काहीच बदललं नाही. 'स्वभाव शांत' असं आहे."

"ते मी लिहिलंय," वडील म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. त्या संध्याकाळी मी मंडळाला फोन करून ती ओळ काढायला सांगितली. त्या जागी काय लिहू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी काहीच लिहू नका म्हटलं. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्यानं फक्त एवढंच विचारलं की ती ओळ गेली ती मंडळाकडून चुकून, की मी काढायला लावली. मी काढायला लावली म्हटल्यावर त्यानं पुढच्या रविवारी येऊ का विचारलं.

लग्न वैशाखात झालं. पूजेच्या दिवशी त्याच्या ताईनं मला बाजूला घेतलं. "मी लिहिलेलं तसंच राहिलं असतं ना," ती म्हणाली, "तर त्याला पुण्याची मुलगी मिळाली असती."

ती हे अगदी मनापासून म्हणत होती. मी तिला प्रसाद दिला.