शेखरचे तीन सामने

आमचा शेखर नाशिक जिल्ह्याकडून तीनच सामने खेळला. सत्त्याण्णव साल असंल. सिन्नरच्या कारखान्यात पाळी करायचा आणि सुट्टीला जोरात चेंडू टाकायचा. मला त्यातलं एवढंच कळायचं, की पांढरे कपडे घालून मातीत लोळायचं आणि धुवायला आईकडं टाकायचं.

दुसरा सामना नाशकात होता, धुळ्याच्या पोरांशी. तेव्हा खेळायच्या जागी काथ्याची मॅट अंथरायचे. ती ताणून कडेनं खिळे ठोकायचं काम यजमान पोरांचं. त्या दिवशी एक खिळा निसटला आणि मॅटला बोटभर घडी पडली. दुपारी शेखरचा चेंडू मनोज नावाच्या फलंदाजाच्या कानशिलावर बसला. डोक्यावर नुसती टोपी. पोरगं तिथंच कोसळलं.

शेखर घरी आला, बूट न काढताच उंबऱ्यावर बसला आणि पोराला लागल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, खेळात लागतंच. तू काय मुद्दाम मारलं?"

"आई, घडी मला दिसली होती. चेंडू तिथूनच उसळत होता. दोन विकेटा मिळाल्या, म्हणून गप्प बसलो."

त्याचे वडील, जयराम, दार लोटून म्हणाले, "हे बाहेर बोलू नको. पोरगं शुद्धीवर नाय अजून."

परगावच्या माणसांना दवाखान्यात डबा कोण देणार? सकाळी भाकरी थापल्या, ठेचा घातला आणि शेखरला घेऊन एसटीत बसले. वाटेत नुसता एकच विचार, आपण पोचायच्या आत ते पोर गेलं असलं तर?

वॉर्डाबाहेर मनोजची आई, वत्सलाबाई, फरशीवर बसली होती. तिनं विचारलं, "कोण तुम्ही?"

मी डबा पुढं केला. "चेंडू टाकला, त्याची आई."

तिनं डब्याला हात लावला नाही. तेवढ्यात शेखर पुढं झाला आणि घडीचं सगळं सांगून मोकळा झाला. मी डोळे मिटले. आता ही बाई आमचा उद्धार करणार!

ती एवढंच म्हणाली, "आधी डोळे उघडू दे त्याला. मग बघते तुझ्याकडं."

तीन दिवस डबा नेला. नर्स दाराशी आली, की आम्ही दोघी एकदमच उठायचो. चौथ्या दिवशी मनोजनं डोळे उघडले, पाणी मागितलं. मग वत्सलाबाईनं शेखरला धरलं. "माणूस शे का तू?" इथून सुरुवात. पुढचं अहिराणी मला कळलं नाही, तेच बरं. शेखर मान खाली घालून सगळं ऐकत राहिला.

तिसरा सामना नगरला. सुरू व्हायच्या आधी त्यानं गुडघ्यावर बसून सगळी मॅट तळहातानं चाचपली. पोरं हसली, "शेख्या, काय हरवलं रे?" मग वीस पावलं पळत आला आणि चेंडू असा टाकला, जसा लहान पोराला देतात. सहाही तसेच. कप्तानानं हातातून चेंडू काढून घेतला.

जयराम चिडले. "अरे, वाचलं ना ते पोर? मग?"

शेखर वडिलांना म्हणाला, "दादा, पळत जातो, पण समोर फलंदाज दिसतच नाय. नुसतं कानशील दिसतं."

पुढच्या संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. जयराम नाशकाला जाऊन दोनदा वाचून आले.